शेलॅकचा हात पातळच का हवा

शेलॅक म्हणजे लाखेपासून केलेलं लाकडाचं पॉलिश. ते पहिल्यांदा लावताना जवळजवळ प्रत्येकाकडून एकच चूक होते. ब्रश एकदा फिरवून होतो, तिरप्या उजेडात पाहिलं की मध्येच एखादी जागा सुटलेली दिसते, आणि हात आपोआप तिथे परत जातो. तेलरंगात ही सवय खपून जाते. शेलॅकमध्ये नाही खपत. तेवढ्या वेळात वरचा थर आळायला लागलेला असतो आणि ब्रश त्यातून नांगरासारखा चर पाडत जातो. माझ्या पहिल्या लाकडी डबीच्या झाकणावर असे तीन चर होते. ते मिटवायला मी पुन्हा ब्रश फिरवला, मग आणखी एकदा. पुढे काय झालं ते सांगायला नको.

शेलॅक अवघड आहे अशी जी समजूत आहे ती बहुतेक अशाच डब्यांवरून झालेली असावी. खरं तर लहान वस्तूंसाठी, म्हणजे डब्या, चौकटी, मुठी, खेळणी, पेनं, पेटीचे कप्पे यांसाठी, इतकं समजूतदार पॉलिश दुसरं नाही. फक्त ते वाळतं कसं, हे आधी समजून घ्यावं लागतं.

लाकडावर लावायच्या द्रवांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. जवसाचं तेल, तेलाचं वॉर्निश, पॉलियुरेथेन हे सिमेंटच्या जातीचे. ते नुसते सुकत नाहीत, त्यांच्यात रासायनिक बदल होतो. सिमेंट एकदा धरलं की वर कितीही पाणी ओता, त्याचा पुन्हा गारा होत नाही. शेलॅक मातीच्या जातीचं. माती वाळून टणक झाली तरी पाणी पडलं की पुन्हा चिखल. शेलॅकच्या बाबतीत पाण्याची जागा अल्कोहोल घेतं. राळ अल्कोहोलमध्ये विरघळलेली असते, अल्कोहोल उडून जातं, राळ मागे राहते. बस, एवढंच. त्यावर पुन्हा अल्कोहोल लागलं की ती पुन्हा विरघळायला तयार.

शेलॅकचे सगळे गुण आणि सगळे दोष या एका गोष्टीतून निघतात. अल्कोहोल झपाट्याने उडतं, म्हणून थर काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो. नवा थर जुन्या थराचा वरचा भाग किंचित विरघळवून त्यात मिसळतो, म्हणून दहा हात दिले तरी शेवटी सलग एकच पापुद्रा तयार होतो. वॉर्निशच्या दोन हातांमध्ये पकड यावी म्हणून घासावं लागतं, तसं इथे लागत नाही. इथे घासायचं ते फक्त सपाटीसाठी. आणि ओला ब्रश एकाच जागी रेंगाळला तर खालचे सगळे थर मऊ होऊन उचलले जातात, तेही याचमुळे. म्हणून हात पातळ हवा, चटकन फिरायला हवा आणि मग त्या जागेला विसरता यायला हवं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात कठीण.

चपडा आणि त्याचे रंग

शेलॅक या शब्दातलं 'लॅक' म्हणजे आपली लाखच. केरिया लॅक्का नावाचा चिमुकला कीटक पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांना चिकटून रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतो. ही कवचं एकमेकांना जुळून फांदीवर जाड पुटं चढतात. ती खरवडून, दळून, धुऊन घेतली की दाणेदार लाख मिळते. धुताना लाल रंग पाण्याबरोबर निघून जातो. हे दाणे वितळवून, गाळून, पातळ पत्र्यासारखे ताणले आणि मोडले की झाला चपडा. नखासारखे ठिसूळ, पारदर्शक तुकडे. शेलॅकमधला 'शेल' या शिंपल्यासारख्या पापुद्र्यांवरून आला. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या याच राळेत खनिजांची भुकटी मिसळून बनवत, आणि औषधाच्या गोळ्यांवरचा चकाकता लेपही पुष्कळदा हाच असतो.

बाजारात चपडा वेगवेगळ्या रंगांत मिळतो. गडद लालसर तपकिरी म्हणजे गार्नेट, त्याहून उजळ नारिंगी, मग लेमन, आणि सगळ्यात फिका ब्लाँड. गडद लाकडावर गार्नेट लावलं तर जुन्या फर्निचरसारखी ऊब येते. पांढऱ्या लाकडाचा पांढरेपणा टिकवायचा असेल तर ब्लाँडच घ्यावं. लाकूड रंगवायला वेगळा रंग वापरण्यापेक्षा योग्य छटेचा चपडा निवडणं मला जास्त आवडतं, कारण तो रंग पारदर्शक असतो आणि लाकडाच्या रेषा झाकत नाही. क्लोरीन वापरून पांढरं केलेलं शेलॅकही मिळतं, पण ते कोरडं ठेवलं तरी लवकर जुनं होतं.

दुसरी निवड मेणाची. नैसर्गिक लाखेत साधारण ३ ते ५ टक्के मेण असतं. ते अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, म्हणून द्रव गढूळ दिसतो आणि बरणी काही दिवस स्थिर ठेवली की तळाशी फिकट साका बसतो. नुसतं शेलॅकच लावणार असाल तर मेणाने फारसं बिघडत नाही. पण शेलॅकवर पुढे पॉलियुरेथेन किंवा पाण्यातलं वॉर्निश चढवायचं असेल तर मेण काढलेलंच हवं, नाहीतर वरचा थर नीट धरत नाही. साका बसल्यावर वरचा निवळ भाग अलगद ओतून घेतला तरी बरंच मेण मागे राहतं.

बरणीत काय घडतं

तयार डब्यातलं शेलॅक मिळतं, पण मी चपडा आणून घरी भिजवतो. कारण साधं आहे: शेलॅक द्रवात पडलं की म्हातारं व्हायला लागतं. राळेतली आम्लं अल्कोहोलशी हळूहळू संयोग पावतात आणि मग वाळलेला थर मऊ, चिकट राहतो. घरी भिजवलेल्या बरणीवर आपण तारीख लिहिलेली असते. सहा महिन्यांपुढे मी ती महत्त्वाच्या कामाला वापरत नाही. एका चौकटीला मी जुन्या बरणीतलं शेलॅक लावलं होतं. दोन आठवड्यांनीही बोट टेकवलं की ठसा उमटायचा. शेवटी सगळं पुसून काढावं लागलं. तेव्हापासून शंका आली की काचेच्या तुकड्यावर एक थेंब पसरतो आणि रात्रभर ठेवतो. सकाळी नखाने खूण उमटली किंवा चिकटपणा लागला तर बरणी बाद.

चपडाही कायम टिकत नाही. फार जुना झाला की तो विरघळतच नाही, तळाशी फुगलेला चिकट गोळा होऊन बसतो. तो ढवळत बसण्यात अर्थ नाही. न भिजवलेला चपडा गार, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवला तर बरीच वर्षं चांगला राहतो.

प्रमाणाला कारागीर 'कट' म्हणतात. ही मोजणी पौंड आणि गॅलनची आहे: एका अमेरिकी गॅलन अल्कोहोलमध्ये एक पौंड चपडा म्हणजे एक पौंडाचा कट. आपल्या मापात हे लिटरला साधारण १२० ग्रॅम होतं. लहान कामाला एवढं लागत नाही. मी १०० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये २५ ग्रॅम चपडा घालतो, म्हणजे साधारण दोन पौंडांचा कट. हे मूळ द्रावण. वापरताना त्यात तेवढंच अल्कोहोल मिसळलं की एक पौंडाचा पातळ कट तयार. नवशिक्याने या पातळ कटानेच सगळं काम करावं असं माझं ठाम मत आहे. हात जास्त द्यावे लागतील, हे खरं. पण प्रत्येक हात चुकण्याची शक्यता कमी होते, आणि लहान डबीला आणखी चार हात देणं म्हणजे चार मिनिटांचं काम.

अल्कोहोल शक्य तितकं निर्जळ हवं. जखमा पुसायच्या अल्कोहोलमध्ये किंवा सॅनिटायझरमध्ये बरंच पाणी असतं. ते चालत नाही. पॉलिशवाले ज्याला नुसतं 'स्पिरिट' म्हणतात ते विकृत केलेलं इथेनॉल असतं. ते पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात पुष्कळदा मिथेनॉल घातलेलं असतं, आणि मिथेनॉल विषारी आहे. त्याची वाफ कोंडलेल्या खोलीत घेऊ नये, हातात मोजे असावेत आणि खिडकी उघडी असावी. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालतं. ते जरा सावकाश उडतं, त्यामुळे गरम कोरड्या हवेत उलट सोयीचंच पडतं. आग मात्र दोन्हींना पटकन लागते, आणि अल्कोहोलची ज्योत भर उजेडात दिसतही नाही. पांडवांसाठी लाखेचंच घर का बांधलं होतं हे आठवावं आणि काम करताना जवळ काडी, शेगडी, ठिणगी काही असू देऊ नये.

बरणी काचेची घ्यावी. लोखंडाच्या संपर्कात शेलॅक काळवंडतं, म्हणून उघडा पत्रा नको. चपडा आधी बारीक कुटून घेतला तर लवकर विरघळतो. घातल्यापासून पहिला तासभर मधूनमधून बरणी हलवत राहावं, नाहीतर सगळा चपडा तळाशी एक ढेकूळ होऊन बसतो. दुसऱ्या दिवशी द्रावण तलम कापडातून गाळून घ्यावं, कारण लाखेत सालीचे आणि किड्यांचे कण असतातच. झाकणाच्या आट्यांना थोडं व्हॅसलिन लावून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी बरणी उघडायला पक्कड लागेल.

लाकूड आधी

शेलॅकचा थर इतका पातळ असतो की खालची एकही खोड तो लपवत नाही. उलट ओलेपणाची झळाळी आली की खोड उठून दिसते. पॉलिश पेपरने १२०, १८०, २४० असं क्रमाने, रेषेच्या दिशेने घासत जावं. मधला नंबर गाळण्याचा मोह फार होतो. गाळलेल्या नंबराचे ओरखडे शेलॅकखाली हमखास सापडतात. आडव्या कापाच्या टोकांना, जिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथे ३२० किंवा ४०० पर्यंत जावं. ती टोकं शेलॅक जास्त पितात आणि बाकीच्यापेक्षा काळी पडतात. जास्त घासल्याने हे थोडं आटोक्यात येतं.

घासून झाल्यावर एक छोटी तपासणी मी कधीच टाळत नाही. नुसत्या अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं सगळीकडून फिरवायचं आणि तिरप्या उजेडात पाहायचं. राहिलेले ओरखडे, सांध्यातून बाहेर आलेल्या गोंदाचे फिके डाग, सगळं त्या ओल्या क्षणात दिसतं. पाच मिनिटांत अल्कोहोल उडून जातं आणि लाकूड पुन्हा कोरडं. चूक सुधारायची ही शेवटची फुकटची संधी.

लाकडाची छिद्रं हा वेगळा विषय आहे. साग, ओक यांसारख्या लाकडांत डोळ्यांना दिसतील एवढी छिद्रं असतात. ती भरल्याशिवाय आरशासारखा पृष्ठभाग येत नाही, कितीही हात द्या. मेपल, बीच यांसारख्या घट्ट दाण्याच्या लाकडांत हा प्रश्न जवळजवळ नसतो. पहिल्या प्रयत्नाला घट्ट दाण्याचा तुकडा निवडला तर निम्मी लढाई तिथेच संपते.

बोळा आणि झोका

ब्रश वाईट नाही. मऊ, दाट, बारीक केसांचा ब्रश कोपऱ्यांत आणि नक्षीत लागतोच. पण सपाट किंवा गोलसर लहान वस्तूसाठी बोळ्यासारखं साधन नाही. लोकरीचा किंवा कापसाचा अक्रोडाएवढा गोळा घ्यायचा, तो बऱ्याचदा धुतलेल्या, धागे न सोडणाऱ्या सुती कापडात गुंडाळायचा आणि वर पीळ देऊन पकड करायची. खालची बाजू ताणलेली हवी, एकही चुणी नको, कारण चुणी म्हणजे थरावर रेघ. शेलॅक बाहेरून बुडवायचं नाही. कापड उघडून आतल्या गोळ्यावर ओतायचं. मग बोळा कागदावर दाबून जादाचं शेलॅक काढायचं. हाताच्या पाठीला टेकवला तर गार लागावा, पण ओघळ येऊ नये. सगळा हिशेब इथे आहे. नव्याने शिकणाऱ्याचा बोळा नेहमी जास्त ओला असतो.

आता तो लाकडावर ठेवायचा कसा? ठेवायचाच नाही. झोपाळ्याचा झोका आठवा: वरून येतो, खाली जमिनीला निसटता लागतो, दुसऱ्या बाजूला वर निघून जातो, मध्ये कुठेही थांबत नाही. बोळा तसाच कडेच्या बाहेरून हवेत हलता ठेवून यायचा, लाकडाला टेकायचा, सरळ पार जायचा आणि दुसऱ्या कडेच्या पलीकडे उचलला जायचा. लाकडावर टेकवून मग हलवलात तर टेकवल्या जागी गोल डाग पडतो. लाकडावर थांबवलात तर थांबल्या जागी कापड चिकटतं. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडासा चढवायचा. मध्ये काही सुटलं तर सुटू द्या. पुढच्या हाताला ते भरून निघतं, आणि पुढचा हात काही मिनिटांवरच असतो.

झाकणाएवढ्या पृष्ठभागावर असे तीन-चार हात एका बैठकीत बसतात. बोळा अडखळायला लागला, ओढ लागायला लागली, की थांबायचं. ती ओढ म्हणजे खालचा थर मऊ झाल्याची खूण आहे. बोळा झाकणबंद बरणीत ठेवला तर आठवडेच्या आठवडे मऊ राहतो.

पहिल्या बैठकीनंतर तासाभराने हात फिरवला तर लाकूड खरखरीत लागेल. घाबरू नका. लाकडाचे सुटे तंतू उभे राहून शेलॅकमध्ये कडक झालेले असतात, आणि आता ते कापणं सोपं असतं. ४०० नंबरचा कागद अगदी हलक्या हाताने, वजन न देता फिरवायचा. पांढरी कोरडी भुकटी निघाली तर ठीक. कागदावर चिकट गोळ्या जमल्या तर शेलॅक अजून वाळलेलं नाही. बाजूला ठेवून दुसरं काही करा. कडांवरून कागद फिरवताना जपावं, तिथला थर क्षणात निघून खालचं लाकूड उघडं पडतं.

त्यानंतरच्या बैठका तशाच, पण त्यांच्यातलं अंतर वाढवत न्यायचं. थर जाड होतो तसं अल्कोहोल आत अडकून राहतं. वरून कोरडं, आतून मऊ. घाईने हात देत गेलात तर काही दिवसांनी तो थर आक्रसतो आणि ज्या रेषा भरल्या असं वाटलं होतं त्या पुन्हा वर येतात. मी दिवसाला दोन बैठका करतो, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. तीन दिवसांत लहान डबी होते.

लहान वस्तू धरायची कशी, हा प्रश्न लावण्यापेक्षा मोठा ठरतो. मुठीच्या स्क्रूच्या भोकात काडी खोचून धरावी. डबी उलटी करून चार खिळ्यांच्या टोकांवर ठेवता येते. मणी तारेत ओवून थेट पातळ कटात बुडवावेत आणि खालचा थेंब कागदाने टिपून टाकावा. डबीच्या आतल्या बाजूंना जोडणीआधीच पॉलिश करणं सोपं, फक्त जिथे गोंद लागणार तिथे चिकटपट्टी लावून ठेवायची, कारण शेलॅकवर लाकडाचा गोंद धरत नाही. आतून शेलॅकच लावावं असं मी आग्रहाने सांगेन. तेलाचा वास बंद डबीत महिनोन्‌महिने कोंडून राहतो. शेलॅकचा वास अल्कोहोलबरोबर निघून जातो.

पांढुरका पडला तर

दमट हवेत लावलेलं शेलॅक कधीकधी डोळ्यांदेखत धुरकट, पांढुरकं होतं. अल्कोहोल उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि हवेत बाष्प भरपूर असेल तर ते त्या थंड थरावर धरतं आणि आत अडकतं. पाणी असलेलं अल्कोहोल वापरलं तरी हेच होतं. मी पहिल्यांदा हे पाहिलं ते भर पावसात, आणि सगळं काम वाया गेलं असं समजून डबी अडगळीत टाकली. काहीही वाया गेलेलं नव्हतं. कोरड्या दिवशी बोळ्यावर अगदी थोडं नुसतं अल्कोहोल घेऊन त्याच झोक्याने दोन-तीनदा फिरवलं की थर वरून पुन्हा विरघळतो, अडकलेलं पाणी निसटतं आणि पांढुरकेपणा जातो.

ओघळ आणि चर यांनाही हाच न्याय, पण आधी ते पूर्ण वाळू द्यावेत. निदान एक दिवस. मग लाकडी ठोकळ्याला ४०० चा कागद गुंडाळून फक्त उंचवटे कापायचे आणि वरून पातळ कटाचे एक-दोन हात द्यायचे. ओला ओघळ बोटाने पुसायला गेलं की एका ओघळाचे तीन डाग होतात.

शेवटचा हात झाल्यावर निदान आठवडाभर वस्तू तशीच ठेवावी. नंतर शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूलवर थोडं पेस्ट मेण घेऊन रेषेच्या दिशेने हलकं घासलं की मंद, रेशमी चमक येते. बारीकसारीक रेघा त्यात दिसेनाशा होतात. झगमगीत चकाकी हवी असेल तर ती प्रत्येक धुळीचा कण जगजाहीर करते, हे ध्यानात ठेवून त्या वाटेला जावं.

फ्रेंच पॉलिश म्हणून जे ओळखलं जातं, ते याच बोळ्याचं पुढचं शिक्षण आहे. फरक तेलाच्या थेंबाचा. बोळ्याच्या तळाला एखादा थेंब तेल लावलं की बोळा मऊ झालेल्या थराला चिकटत नाही, त्यामुळे छोट्या गोलांत आणि आठच्या आकड्यात सतत फिरवत राहता येतो आणि अक्षरशः शेकडो अतिपातळ थर एकावर एक बसतात. छिद्रं भरायला सुरुवातीला प्युमिस दगडाची बारीक भुकटी वापरतात. शेवटी जवळजवळ कोरड्या बोळ्यावर अल्कोहोलचा अंश घेऊन वर आलेलं तेल काढून टाकतात. दिसतं अप्रतिम. पण पहिल्या डबीवर ते करून पाहण्याची गरज नाही. तेल नीट निघालं नाही तर काही आठवड्यांनी पृष्ठभाग ढगाळ होतो आणि दोष शेलॅकला दिला जातो. तेल लागलेली फडकी मात्र गोळा करून टाकू नयेत. जवसाच्या तेलाची चुरगळलेली फडकी आपोआप तापून पेट घेतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

लेथवर काम करणारे पेनं आणि लट्टू फिरत असतानाच शेलॅक लावतात. घर्षणाच्या उष्णतेने अल्कोहोल लगेच उडतं आणि चकाकी मिनिटाभरात येते. तिथे कापड वापरू नये, बोटाला गुंडाळलेलं तर नाहीच. कापड अडकलं तर हात ओढला जातो. कागदी रुमाल फाटून मोकळा होतो.

शेलॅक सगळीकडे चालतं असं मी म्हणणार नाही. साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ होतं, त्यामुळे गरम भांडं ठेवलं की ठसा उमटतो. पाणी बराच वेळ साचलं तर पांढरं वलय धरतं. दारू सांडली तर थर विरघळतो, आणि अमोनियाचे क्लीनर किंवा तीव्र साबण त्याला खातात. टेबलाचा वरचा भाग, न्हाणीघरातलं कपाट, रोज ओली होणारी पाटी यांना दुसरं काहीतरी लावा. खेळण्यांना शेलॅक चांगलं, फक्त तयार डब्यात आणखी काय मिसळलंय ते वाचून घ्यावं आणि वस्तू मुलाच्या हातात देण्याआधी काही दिवस उघडी ठेवावी.

त्या पहिल्या डबीचं झाकण मी काही वर्षांनी पुन्हा हातात घेतलं. नवं शेलॅक भिजवलं होतं, बोळा तयार होता, म्हणून अल्कोहोलने जुना थर मऊ केला, वाळू दिला, ठोकळ्याने सपाट केला आणि चार पातळ हात दिले. तीनपैकी दोन चर पूर्ण गेले. तिसरा काही केल्या जाईना. भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं, तो शेलॅकमध्ये नव्हताच. १८० नंबरचा कागद गाळला होता, त्याचा ओरखडा होता, लाकडातला.